बाकावरचं पोहणं

तात्यांनी आम्हाला पोहायला शिकवलं ते वाचनालयाच्या बाकांवर. सहा प्रौढ माणसं पोटावर आडवी झालेली, आणि तात्या हातात पुस्तक धरून मधून फिरतायत. "आकृती तीन. गुडघे जवळ घ्या. आता फेका." मी गिरणीत कारकून होतो. दिवसभर बसून बसून अंग आखडलेलं, म्हणून या वर्गात आलो होतो.

तात्या आमचे ग्रंथपाल. वाचनालयाच्या मागच्याच खोलीत एकटे राहायचे. जगातली कुठलीही विद्या पुस्तकातून येते, यावर त्यांचा पक्का विश्वास. "पुस्तकात सोय आहे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पावसाळ्यात त्यांनी कलमं बांधायचा वर्ग काढला, थंडीत तारे ओळखायचा, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात हा पोहण्याचा.

चौथ्या दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष आले. दारातच थबकले.

"तात्या, हे वाचनालय आहे. महिन्याभरात यातला एक जरी विहीर पार करून गेला तर तुमचे वर्ग चालू. नाहीतर सगळे बंद."

रविवारी आम्ही गावाबाहेरच्या पायऱ्यांच्या विहिरीवर गेलो. बाकावर सराईत झालेले आम्ही सहाही जण पाण्यात उतरल्यावर पायरीला घट्ट धरून उभे राहिलो. तात्या काठावरून आकृती सांगत होते. बिरप्पा नावाचा धनगर मेंढरांना पाणी पाजायला आला होता. तो बराच वेळ बघत राहिला.

"काय चाललंय म्हनायचं?"

"पोहण्याचा वर्ग," तात्या म्हणाले.

"मग पवतंय कोन?"

आम्ही पायरी आणखी घट्ट धरली. बिरप्पानं पागोटं काढून ठेवलं, उडी टाकली आणि चार हातांत पलीकडे गेला. तात्या एकदा पुस्तकाकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते.

"बरोबर. आकृती चार."

बिरप्पा निथळत वर आला, चित्रावर वाकला. "मी करतोय त्ये हितं काडलंय व्हय? आनि खाली काय लिवलंय?"

तिथंच सौदा ठरला. सकाळी बिरप्पा आम्हाला पाण्यात शिकवणार, दुपारी तात्या त्याला अक्षरं. एकच अडचण आली.

"तुमी पान्यात उतरल्याबिगर मी पाटी हातात धरायचा न्हाय," बिरप्पा म्हणाला.

तात्या जन्मात पाण्यात उतरले नव्हते. त्यांनी चष्मा माझ्याकडे दिला. तरंगायला कमरेला वाळका भोपळा बांधून ते डोळे मिटून उतरले, आणि पहिले आठ दिवस बिरप्पाचा दंड त्यांनी सोडला नाही.

महिन्यानं अध्यक्ष काठावर येऊन उभे राहिले. आम्ही सहाही जण पार गेलो. शेवटी तात्या, भोपळ्याशिवाय. हनुवटी वर धरून, तोंडानं आकडे मोजत, सावकाश, पण गेले. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्यात बिरप्पानं ओल्या बोटानं विहिरीच्या तापलेल्या दगडावर आपलं नाव लिहिलं. ते वाळायच्या आत अध्यक्षांनी मोठ्यानं वाचलं.

"वर्ग चालू ठेवा," ते म्हणाले. "पुढच्या वेळी मलाही घ्या."

दसऱ्यानंतर बिरप्पा मेंढरं घेऊन अक्कलकोटकडे गेला. तात्या नेहमीसारखे कामाला लागले. थंडीत ताऱ्यांचा वर्गही झाला. त्यांच्यात काही फरक पडल्याचं मला तरी जाणवलं नाही.

चैत्रात बिरप्पा परतला आणि थेट वाचनालयात आला. तात्यांनी कपाटातून पत्रांचा एक गठ्ठा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्यालाच लिहिलेली, पण फिरत्या माणसाला पाठवायची कुठं, म्हणून तशीच ठेवलेली.

बिरप्पानं सगळ्यात वरचं उचललं. अक्षराला अक्षर जोडत तो वाचू लागला, "बिरप्पास आशीर्वाद. तू गेल्यापासून… विहिरीवर जायला… सोबत नाही."

तात्या टेबलावरची वर्तमानपत्रं सारखी करत राहिले. ती आधीच सारखी होती.

बिरप्पानं पत्र जपून गठ्ठ्यावर ठेवलं.

"चला की मग," तो म्हणाला.

आणि तात्यांनी भर दुपारी वाचनालयाला कुलूप लावलं.