एकतीस पोरांचा जामीन

इनासमामांनी आजवर एकतीस मुलांच्या वतीने सैतानाला नाही म्हटलं आहे. बत्तिसावी माझी मुलगी व्हायची होती. ते मी होऊ दिलं नाही. चूक माझी, आणि सोळा वर्षं ती कुणापाशी बोललो नाही, म्हणून आधी सांगून टाकतो.

आमच्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. डोक्यावर पाणी ओतण्याआधी फादर विचारतात, सैतानाचा त्याग करता का? बाळ रडत असतं, म्हणून उत्तर आईबाप आणि धर्मपिता देतात, करतो. मग सगळे जेवायला जातात. बहुतेक धर्मपित्यांचं काम तिथेच संपतं. फार तर नाताळला एक फ्रॉक. इनासमामांचं तिथून सुरू होतं. त्यांच्या मते ते त्या पोराचे जामीन राहिलेले असतात.

मामा तलासरीच्या पाड्यापाड्यांतले हापसे दुरुस्त करायचे. सायकलच्या मागे पाने आणि वायसर, खिशात एक वही, आणि वहीत एकतीस जणांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा. वाढदिवस त्यांना मान्य नाही. "जन्माला काय, कोंबडीपण येते," म्हणतात. बाप्तिस्म्याच्या तारखेला मात्र सकाळी सातला दारात हजर. पोराला तोंड धुवायला लावायचं, त्या ओल्या तोंडाकडे नीट बघायचं आणि विचारायचं, "मी हो म्हटलंय. मला खोटा पाडत नाहीस ना?"

पाडणारे होतेच. त्या एकतिसांतला डेनिस डहाणूच्या रस्त्याला ताडी विकायचा आणि तीत पाणी घालायचा. मामांना कळलं. ते त्याच्या बाकड्यावर जाऊन बसले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागले, की या पोराच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा मी शेजारी उभा होतो, पण ते पाणी ताडीत घालायला सांगितलेलं नव्हतं. दुपारपर्यंत डेनिसने हात जोडले.

दुसरा एक, रॉबर्ट, सख्ख्या भावाशी वर्षभर बोलत नव्हता. दोघांची घरं समोरासमोर, मध्ये एकच हापसा. मामांनी हापशाचा दांडा काढला, सायकलला बांधला आणि निघून गेले. ग्रामपंचायतीत विचारणा झाली तेव्हा म्हणाले, देखभाल चालू आहे. दोन्ही घरच्या बायकांनी लांबच्या विहिरीवरून दोन खेपा पाणी आणलं आणि संध्याकाळी नवऱ्यांना काय ऐकवायचं ते ऐकवलं. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ एकाच मोटरसायकलवर बसून दांडा मागायला आले.

हसायला येतं, पण बाप्तिस्म्याचा अर्थ मला जो काही कळला तो मामांकडून. ते म्हणायचे, डोक्यावरचं पाणी क्षणात ओघळून जातं, खाली मुरायला जन्म लागतो. पावसाळ्यात पाणी काय, कुठेही असतं. मे महिन्यात हापशाला आलं तर ते मुरलं म्हणायचं. फादरांनी हे पुढे तीनदा प्रवचनात वापरलं. मामा पुढच्या बाकावर बसून, जणू पहिल्यांदाच ऐकतोय अशी मान डोलवायचे.

आता माझं. मुलगी झाली तेव्हा मीच त्यांना विचारलं होतं. ते खूश झाले. त्यांना स्वतःचं मूल नाही. पांढरा सदरा शिवून घेतला, मेणबत्ती आणली. मी तेव्हा अच्छाडला एका गोदामात सुपरवायझर होतो. तिथले मॅनेजर मूळचे वसईचे, ख्रिस्ती. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी ते सहज म्हणाले, धर्मपिता कोण आहे, नसेल तर मी येतो. चर्चच्या दारात त्यांची पांढरी गाडी उभी राहिलेली मला आधीच दिसायला लागली. मी हो म्हटलं. मामांना सांगायचं धैर्य झालं नाही. सकाळी ते सदरा घालून आले तेव्हा दारातच अडवून म्हटलं, मामा, जरा अडचण झाली आहे, पुढच्या खेपेला तुम्हीच. पुढची खेप झालीच नाही.

मामा "बरं" म्हणाले आणि मेणबत्ती माझ्या हातात दिली. "लागेल तुला," एवढंच. साहेबांनी तीच मेणबत्ती धरून फोटो काढला. दोन वर्षांत त्यांची बदली झाली. मुलीचं नाव आज त्यांना आठवत असेल असं वाटत नाही.

मामा मात्र दर वर्षी त्या तारखेला आमच्याकडे येत राहिले. नळाचा वायसर बघायला आलो, म्हणायचे. मला तो टोमणा वाटायचा. मी आतल्या खोलीत कपाट आवरत बसायचो.

यंदा ते काठी टेकत रिक्षाने आले. गुडघे गेलेत. आल्या आल्या माझ्या मुलीला, सेलिनला, म्हणाले, तोंड धुऊन ये. मी बाहेर आलो. म्हणाले, या वर्षी घरोघर जाऊन सगळ्यांना मोकळं करतोय. मी गेल्यावर यांच्या वतीने कोण बोलणार, आता ज्याचं त्याने बोलावं.

मी म्हटलं, "पण मामा, हिचे धर्मपिता तर..."

"साहेब पुढे म्हणत होते. मी मागच्या बाकावर म्हणत होतो. मोठ्याने नाही. पण हो म्हटलं की म्हटलं."

सेलिन ओल्या तोंडाने समोर येऊन उभी राहिली. मामांनी विचारलं, सैतानाचा त्याग करतेस का? ती सोळा वर्षांची, उत्तराआधी प्रश्न. "आजोबा, सैतान म्हणजे नक्की काय?"

मामांनी थोडा विचार केला. "शिंगंबिंगं काय नसतात गं त्याला. बरोबर काय ते आपल्याला माहीत असतं, आणि तरी आपण म्हणतो, जाऊ दे. तोच तो."

"करते मग," सेलिन म्हणाली.

मामांनी वही उघडली. शेवटच्या पानावर, एकतिसांच्या खाली, एक नाव पेन्सिलीने लिहिलेलं होतं. त्यावर त्यांनी पेनने बरोबरची खूण केली आणि उठायला काठी शोधू लागले. काठी माझ्या हातात होती. मी ती दिली नाही. त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"मामा, त्या दिवशी अडचण काही नव्हती. मला साहेबांची गाडी चर्चच्या दारात हवी होती. तुमचं 'करतो' मी तुमच्या तोंडातून काढून दुसऱ्याला दिलं, आणि वर तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा."