दाराचा निंब

गोवर शोधायला डोळे लागतात, पाय नव्हे, असं कमळाकर वडखळच्या हॉटेलात चहा पिता पिता छाती ठोकून सांगे.

"दाराला निंबाचा डहाळा दिसला की आत गोवर. मी सायकलवरून उतरतसुद्धा नाही!"

कमळाकर सरकारी आरोग्यसेवक. खांब गावापासून आत गेलेल्या वाड्या त्याच्याकडे होत्या. तिथे पोराला गोवर आला की देवी आली म्हणत, दाराला निंब बांधत आणि परक्याला उंबऱ्याच्या आत घेत नसत. गोवराची लस तेव्हा नुकतीच खेड्यांत पोचली होती. निंबाचं दार दिसलं की कमळाकर ते घर आजारी धरी आणि सुई न काढताच पुढे जाई.

हे शेवटचं एका वाडीतल्या मालूने बरोबर हेरलं. मागच्या सुईने तिच्या पोराची मांडी सुजली होती, तापही भरला होता, आणि त्यापायी सासूने तिचा उद्धार केला होता. पुढच्या फेरीच्या दिवशी तिने सकाळीच दाराला निंब बांधला.

"काय गो, देवी आली?" शेजारणीने विचारलं.

"देवी कशाला येतेय? सुईवाला येतोय."

विहिरीवर ही युक्ती फुटली आणि हंड्यांबरोबर घरोघर गेली.

कमळाकर वाडीत शिरला तर ओळीने सगळ्या दारांना निंब. स्वतःच्या लग्नातही त्याने एवढा पाला पाहिला नव्हता. तसाच सायकल दामटत तो खांबला आला आणि रोह्याच्या डॉक्टरांना फोन लावला. "साहेब, अख्खी वाडी आजारी आहे. लवकर या."

डॉक्टर जीप भरून औषधं घेऊन आले. आजारी पोरांनी धावत येऊन जीपला गराडा घातला. एक तर टपावर जाऊन बसलं. डॉक्टरांनी हवेत नाक वर केलं.

"कमळाकर, हा वास कसला?"

"सुकट भाजतायत, साहेब."

"देवी आलेल्या घरात सुकट? अरे, तिथे फोडणीसुद्धा घालत नाहीत. कोकणात वाढलास ना तू?"

पोलीसपाटील हैबतराव मिशीत हसत म्हणाले, "साहेब, आलात तसं जेवून जा. सुकट झ्याक झालीय."

त्या दिवसापासून तालुक्यात कमळाकरचं नाव निंबराव पडलं. वडखळच्या हॉटेलातही पोऱ्या विचारी, "निंबराव, चहात पाला टाकू का?" कमळाकरचा जीव नुसता जळे. आता कुठल्याही पाल्यावर विश्वास ठेवणार नाही, अशी त्याने शपथ घेतली.

पुढच्या फेरीला निंब होताच. कमळाकरने वाडीच्या मधोमध उभं राहून बायांना फैलावर घेतलं. "निंब बांधा नाहीतर अख्खा वड बांधा, सुई चुकायची नाही!" बायांनी मुकाट दारांना आतून कड्या घातल्या. शेवटचं घर गिरजाबाईचं. मागच्या वेळी खोटा निंब तिनेही बांधला होता. ती दारातच उभी होती.

"पोपटला आलीय रं. खरी आलीय. अंगभर हाय, पोराला दम लागलाय. त्या मोठ्या डाक्टरास्नी बोलाव."

पोपट तिचा नातू.

"परत जीप बोलवू? एकदा हसं झालं तेवढं पुष्कळ झालं, आजी."

"आत येऊन बघ तरी."

देवीच्या घरात ती परक्याला आत बोलावत होती. चुलीवर काही नव्हतं, सुकटीचा वास नव्हता, साधी फोडणीही नव्हती. कमळाकरच्या हे ध्यानात आलं नाही असं नाही. पण निंबराव हे नाव कानात घुमत होतं. त्याने सायकलवर टांग टाकली.

त्यानंतरच्या फेरीला मात्र वाडीत नवल घडलं. एकाही दाराला निंब नाही! बाया पोरं कडेवर घेऊन त्याची वाट बघत पारावर बसलेल्या, आणि सगळ्यांत पुढे मालू. कोणी हुज्जत घातली नाही, कोणी त्याच्याशी बोललंही नाही. आपलं बोलणं चांगलंच झोंबलेलं दिसतंय, असं म्हणत कमळाकर मनात फुगला. गिरजाबाई पारावर कुठे दिसली नाही म्हणून लसीची पेटी खांद्याला लावून तो तिच्याकडे गेला. ती ओटीवर वाल निवडत होती.

"पाला काढलात, बरं केलंत आजी. पोपटला आणा. वाडीत तो एकटाच राहिलाय."

"पाला आता कोनासाठी बांधू?" गिरजाबाई वालावरून नजर न काढता म्हणाली. "तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिशी पोर गेलं. म्हनून आल्या त्या बाया तुझ्याकडं. जा, बस आत. आता देवी नाय घरात."

कमळाकर आत गेला. कोपऱ्यात घोंगडीची लहानशी घडी होती आणि तिच्यावर वाळलेला निंब. आपण काय केलं ते त्याला कळलं, आणि ते कोणाला सांगावं हे कळेना.

संध्याकाळी रोह्याला डॉक्टरांनी विचारलं, "त्या वाडीत किती पोरं राहिली लसीची?"

"एकही नाही, साहेब."

"शाबास, निंबराव! ह्या वेळी तरी आत जाऊन बघितलंस ना?"

"ह्या वेळी बघितलं, साहेब," कमळाकर म्हणाला.