एक्स-रेच्या पेटीवर सुहासिनी

"मुंबईला कशाला पाठवायची? मी घरच्या घरी करतो! रविवारच्या आत सुहासिनी कॉम्प्युटरवर दिसली नाही तर नाव बदलीन!"

बडोद्याच्या समा भागातल्या सोसायटीतल्या बाकावर विश्रामरावांनी ही घोषणा केली, तेव्हा ऐकायला एक कुत्रा होता. तोही मधेच उठून गेला.

सुहासिनीबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या तरुणपणीचा फोटो पुराच्या पाण्यात लगदा झाला, पण त्याची निगेटिव्ह पत्र्याच्या डब्यात शाबूत राहिली. चांगली पोस्टकार्डाएवढी! मांडवीतल्या जुन्या स्टुडिओत पेटीसारख्या कॅमेऱ्यावर काढलेली. कॅनडातली लेक अस्मिता दर रविवारी फोन करायची, तब्येत विचारायची आणि ठेवायची. मागच्या रविवारी मात्र म्हणाली, "बाबा, आईचा तो फोटो मला हवा. मेलवर पाठवता येईल?" त्या दिवशी ती चक्क दुप्पट वेळ बोलली. विश्रामरावांनी तेव्हाच ठरवलं, फोटो पाठवायचाच!

मांडवीतला स्टुडिओवाला म्हणाला, "काका, एवढ्या मोठ्या निगेटिव्हचं मशीन बडोद्यात नथी. मुंबईला जावं लागेल." आणि त्यानं असा भाव सांगितला की विश्रामरावांना वाटलं, हा फोटो काढून देतोय की सुहासिनीला परत आणून देतोय?

मग घरगुती उपाय सुरू झाले. आधी शेजारच्या क्लासमधून कागदाचा स्कॅनर मागून आणला. निगेटिव्ह ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं. पडद्यावर कोळसा! मेलवर तोच गेला. अस्मिताचं उत्तर आलं, "बाबा, अमावस्येचा फोटो छान आहे. निगेटिव्हच्या मागून उजेड लागतो."

मागून उजेड! रिफायनरीत सगळा जन्म फिटर म्हणून काढलेल्या माणसाला एवढा इशारा पुरे. नाक्यावरच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघायची जुनी पेटी अडगळीत टाकली होती. दुधी काच, आत ट्यूब. विश्रामरावांनी ती रिक्षातून घरी आणली. मग चांगल्या स्टुलाला करवतीनं मधोमध भोक पाडलं. भोकावर अस्मितानं दिलेला डिजिटल कॅमेरा पालथा, खाली पेटी, पेटीवर निगेटिव्ह. वरचा उजेड पडू नये म्हणून खिडक्यांना चादरी, स्टुलावर काळी घोंगडी आणि घोंगडीत स्वतः विश्रामराव. मे महिना, भर दुपार! आत माणूस नव्हे, ढोकळा वाफत होता.

नेमक्या तेव्हा समोरच्या निरुपमाबाई कढीची वाटी परत द्यायला आल्या. दार नुसतं लोटलेलं. अंधाऱ्या खोलीत घोंगडीतून निम्मे बाहेर आलेले, घामानं भिजलेले विश्रामराव पेटीवरच्या काळ्या फिल्मकडे एकटक बघत बसले होते आणि पुटपुटत होते, "आता सुटका नाही... काहीही करून हे झालंच पाहिजे..."

निरुपमाबाई वाटी घेऊन तशाच मागे फिरल्या.

संध्याकाळी बेल वाजली. दारात दुधीचं सूप! त्यामागे निरुपमाबाई. "भावजी, तिखट बंद करा आता." पाठोपाठ वसुंधराबाई मऊ खिचडी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी पपई, ताक, मुगाचं वरण. कुणी पंखा पुसून दिला, कुणी पाय चेपू का विचारलं. आणि गणपतीच्या मांडवावरून भांडून कित्येक वर्षं उंबरा न चढलेले जगदेवराव चक्क आत आले!

"विश्राम, झालं गेलं मूक ने हवे, सोडून दे आता. माणूस आज आहे, उद्या नाही."

"कोण नाही?" विश्रामरावांनी विचारलं.

"मी आपला सर्वसाधारण बोललो," जगदेवराव घाईनं म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

विश्रामरावांना काही उमगेना. पण घर भरलं होतं! दोन वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरातून भांड्यांचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. ते पोटभर जेवले.

शेवटी उलगडा जगदेवरावांनीच केला. पेटीवरची फिल्म उचलून त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरली. त्यांचे दोन्ही मोतीबिंदू पिकायला आलेले. म्हणाले, "बरगड्या स्पष्ट आहेत. आणि हा काळा डाग... बराच पसरलाय रे."

बरगड्या म्हणजे सुहासिनीबाईंच्या पुढ्यातल्या शिसवी खुर्चीच्या पट्ट्या. डाग म्हणजे खुर्चीवरचा पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ.

"पण एवढासा एक्स-रे?" वसुंधराबाईंनी शंका काढली.

"आता सगळं लहानच निघतंय बेन! मोबाइल नाही बघितले?"

विश्रामरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात निरुपमाबाईंनी ताटात गरम फुलका टाकला. तोंड उघडलेलंच होतं, त्यात घास गेला. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी गोड शिरा होता, म्हणून परवा.

पण बुधवारीच फोन वाजला. अस्मिता! बुधवारी! हमसून हमसून रडत होती.

"बाबा, निरुपमाकाकूंनी सगळं सांगितलं. तुम्ही लपवून ठेवलंत? मी तिकीट काढलंय. शुक्रवारी निघते!"

अस्मिता येणार! विश्रामरावांनी रिसीव्हर छातीशी धरला. मुंबईच्या गाडीवर तिला आणायला स्टेशनवर जायचं, मांडवीतून तिच्या आवडीचा चिवडा आणायचा... नुसतं गप्प राहिलं की झालं. खोलीतले सगळे बघत होते. पलीकडे लेक रडत होती. तसं रडणं त्यांनी तिची आई गेली तेव्हा ऐकलं होतं, तेव्हाही फोनवरच.

कॅनडा लांब आहे म्हणून ते नेहमीच ओरडून बोलत. आताही ओरडले, "अगं, मला काही झालेलं नाही! तो एक्स-रे नाही, ती तुझी आई आहे!"

जगदेवरावांच्या हातात फिल्म तशीच. त्यांनी ती हळूच, दोन्ही हातांनी खाली ठेवली. "वहिनी? माफ करा हं."

पलीकडे अस्मिता रडता रडता हसायला लागली. खूप वेळ हसली. मग म्हणाली, "बरं झालं बाबा. तिकीट रद्द करते. ऑफिसात सुट्टीचे वांधेच होते."

इकडे खिचडीचं पातेलं उचललं गेलं. जगदेवरावांनी जाता जाता गणपतीच्या मांडवाचा विषय जिथे सोडला होता तिथून पुन्हा धरला आणि दार आपटलं.

फोटो मात्र फर्स्ट क्लास आला! कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं केलं आणि सुहासिनीबाई खुर्चीमागे उभ्या राहिल्या. अगदी पापण्यासुद्धा मोजाव्यात. मेल गेली. उत्तर आलं, "आई किती सुंदर! थँक्यू बाबा. रविवारी बोलू."

तेव्हा गुरुवार होता.

विश्रामरावांनी कॉम्प्युटर बंद केला. मग उठले, पुढचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर उभे राहून दोनदा चांगले खणखणीत खोकले.

समोरच्या घरातून निरुपमाबाईंचा आवाज आला, "बसून राहा गं वसुंधरा! काही झालेलं नाही त्यांना, फोटो काढतायत!"