तीन इंग्रजी अक्षरे व एक जावई

श्री अक्षरदेवता प्रसन्न असो, नसल्यास निदान गप्प बसो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सरे, मार्गशीर्षातील एका रविवारी तिसऱ्या मजल्यावरील राज्यात जे वर्तमान घडले, ते ऐकिल्याबरहुकूम लिहितो, त्यात मीठमसाला आमचा. राज्य लहान, उत्तरेस गॅलरी, दक्षिणेस शेजाऱ्यांच्या चपलांचा मुलूख, आणि तेथे श्रीमंत तात्यासाहेब राज्य करीत आणि त्यांस इंग्रजी शब्द जुळविण्याचे भारी व्यसन. मग कुळाचारच ऐसा पडला की, जो कोणी राजकन्या शर्वरीबाईसाहेबांस मागणी घालावयास येई, त्यासमोर तात्यासाहेब डोळे मिटून बिस्किटांच्या डब्यातून अक्षरांच्या तीन सोंगट्या काढीत आणि हुकूम करीत, "ही तिन्ही ज्यात आहेत असा शब्द सांगा, चहावर साय धरायच्या आत. बाहेरून कुणी शब्द पुरवला, तर डाव बाद." न सांगेल त्यास पोहे खाऊ घालून वाटेस लावीत. ऐसे दोन सरदार गारद जाहले होते आणि त्यांचे कोणास सुतक नव्हते. परंतु आज आले होते वाईचे वल्लभराव कानडे, आणि ते बाईसाहेबांनी दोन वर्षे एका कचेरीत शेजारी बसून स्वतः पारखिले होते. हे गारद होतील, तर बाईसाहेबांनी जावे कोठे?

मग चहा आला आणि तात्यासाहेबांनी डब्यात हात घातला आणि निघाले काय, तर क्यू, टी आणि झेड. सारा दरबार चरकला. वल्लभरावांनी घाम पुसून अर्ज केला, "क्विझ?" "टी कुठाय त्यात?" तात्यासाहेब गरजले. "टी कपात निवतोय," मातुश्री इंदुमतीबाई स्वयंपाकघराच्या दारातून वदल्या. इतक्यात बाईसाहेबांची नजर वर गेली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला, कारण तात्यासाहेबांच्या डोक्यामागे भिंतीवर घड्याळ होते आणि त्याच्या तबकडीवर बारीक इंग्रजी हरफांत क्वार्ट्झ ऐसे छापिले होते, आणि त्यात तिन्ही अक्षरे सुखरूप नांदत होती. बोलावे तर डाव बाद. मग त्यांनी मसलत केली आणि गोड आवाजात पुसिले, "वल्लभ, वाजले किती रे?"

आता येथे वाईची शिस्त आडवी आली. वल्लभरावांस त्यांच्या आत्याबाईंनी लहानपणीच बजाविले होते की, दुसऱ्याच्या घरी घड्याळाकडे बघू नये, यजमानास वाटते पाहुणा कंटाळला. त्यांनी मान खाली घातली आणि उत्तर केले, "वाजू देत की, मला कसलीही घाई नाही." "अरे, बघ तरी!" "छे छे, छान वाटतंय इथं." बाईसाहेबांनी कपाळास हात लाविला. मातुश्रींनी मोर्चा सांभाळिला आणि म्हटले, "वल्लभराव, ते घड्याळ बंद पडलंय का, बघा बरं." तो वीर फरशीकडे बघत म्हणतो, "थांबलं असेल तर बरंच झालं काकू, मीही थांबतो." आणि कपात साय धरिली.

"आली साय! डाव संपला!" तात्यासाहेब कडाडले. बाईसाहेबांचे डोळे भरले. तेव्हा मातुश्री पदर खोचून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "अहो, मग तुम्हीच सांगा शब्द." तात्यासाहेब खाकरले. "परीक्षक सांगत नसतात." "येत नाही म्हणा की सरळ." खरे वर्तमान ऐसे, की सोंगट्या डोळे मिटून काढिलेल्या, उत्तर त्यांच्या तीर्थरूपांसही ठाऊक नव्हते. लाज झाकावयास ते गर्रकन वळले आणि वेळ बघू लागले आणि तेथेच खिळले. आणि मग दिवाणखाना दणाणेल ऐसी आरोळी जाहली, "सापडला! क्वार्ट्झ!"

मातुश्री कपबशा उचलू लागल्या. आणि वल्लभराव, आपण हरलो हेच विसरून, उठून टाळ्या पिटू लागले. "वा काका! तोडलंत! काढा ना अजून तीन!" या राज्यात आजवर तात्यासाहेबांस शब्द सापडला की उत्तर एकच मिळे, गॅस बंद करा. टाळी ही त्यांनी प्रथमच ऐकिली. ते डबा पुढे ओढून म्हणाले, "अगं, चहा टाक दुसरा."

"पण बाबा," बाईसाहेब भीत भीत म्हणाल्या, "हे तर हरले ना?"

"कोण म्हणतं?" तात्यासाहेब डब्यात हात घालून गरजले. "चहा अजून व्हायचाय!"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. शब्द सासऱ्यास सापडला, जावई सासऱ्यास सापडला, आणि बाईसाहेबांस जे आधीच सापडले होते ते हातचे गेले नाही. वल्लभरावांस अद्याप एकही शब्द आलेला नाही. लेखणी येथे टेकली.