काकांच्या मुंग्या

आमचे काका, म्हणजे माझे चुलत सासरे, जव्हारहून मोखाड्याला निघाले की छत्री विसरत, पागोटं विसरत, पण तांब्या कधी विसरत नसत. दोरी बांधलेला तांब्या खांद्याला, आणि वाटेतल्या प्रत्येक विहिरीशी मुक्काम. संस्थानच्या जंगलखात्यात ते कारकून होते. कोणत्या रानात किती साग, हे सांगायला त्यांना वही उघडावी लागे. कोणत्या विहिरीचं पाणी कसं, ते तोंडपाठ. साखरशेतचं नावालाच गोड, वांगणीचं जड, आणि सूर्यमाळचं अमृत, कारण उन्हाळ्यात तिथल्या बाया कोसावरून आणलेल्या हंड्यातलं देतात.

कचेरीतले लोक म्हणत, "काका, राजेसाहेबांचा तलाव तेवढा शिल्लक ठेवा."

काका म्हणत, तहान म्हणजे पाहुणी, तिला दारातून परत पाठवू नये.

चढावर छाती भरून येऊ लागली तेव्हा नोकरी सुटली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी लावून पाहिली, काळीज थकलंय म्हणाले आणि थेंबांची बाटली दिली. थेंब कडू. काकांनी आपलं औषध आपणच काढलं, गूळ आणि पाणी. दिवसातून पाच वेळा पडवीतल्या खोलीतून हाक येई, "सूनबाई, काळीज उठलं." गुळाचा खडा पोटात गेला की ते म्हणे जागेवर बसे. मी पदर सावरून उंबऱ्यावर वाटी आणि तांब्या ठेवायची. ते विचारायचे, भाजी कसली केलीस, माहेरची खुशाली आली का. मी नुसती मान हलवायची. त्यांच्या विहिरींच्या गोष्टी ऐकायला घरात दुसऱ्या कोणाला सवड नव्हती.

परसातल्या मोरीशी मुंग्यांची रांग लागे. काका जाऊन आले की लागे. मोरी धुणारी मी, म्हणून मला ठाऊक. माहेरी आत्या सांगायची, माणसाच्या लघवीला मुंग्या लागल्या की त्याचा गूळ बंद करावा. पण सासऱ्याची असली गोष्ट सुनेनं कोणापुढे काढायची? पुढे काका स्वतःच मोरीशी रोज चिमूटभर पीठ टाकू लागले. मुंग्यांना पीठ घालणं पुण्याचं, असं सगळ्यांना सांगत.

मग पायाला ठेच लागली. महिना झाला तरी जखम भरेना, म्हणून डॉक्टर घरी आले. तहान किती लागते, त्यांनी विचारलं.

"विहिरी मोजा," काका म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, मोरीत मुंग्या लागतात का.

"लागतात की. मीच पीठ घालतो त्यांना."

सगळे हसले, डॉक्टरही हसले. मी दाराआड उभी होते, हातात गुळाची वाटी. पीठ नंतरचं, मुंग्या आधीच्या. एवढे चारच शब्द. जीभ उचलली नाही.

डॉक्टर गेल्यावर काकांनी मला उंबऱ्याशी थांबवलं.

"बोलली नाहीस, बरं केलंस. गूळ तोडला असता त्यांनी." ठेचेचा पाय जवळ ओढत म्हणाले, "मग तू या दाराशी कशाला आली असतीस?"

नुसतं पाणी घेऊनही आले असते, एवढंच सांगायचं होतं. वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि आत आले.

नागली कापायच्या दिवसांत काका गेले. सगळे म्हणाले, काळजानं गेले.

मोरीशी आता पीठ मी टाकते. दोन-चार मुंग्या येतात. पूर्वीसारखी रांग लागत नाही.