कुंदामावशींचा नाचो

नॉटिंगहॅमच्या त्या सेमी-डिटॅच्ड घरात राहायला गेलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दहा वाजता भिंतीपलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"नाचो! अबे नाचो! काहून उभा राहून गेला तिथं? पळ न!"

मी हातातला खोका खाली ठेवला. माझी बायको मुग्धा म्हणाली, "अरे, मराठी आहे!" मी म्हणालो, "नागपूरची आहे." थोडा वेळ शांतता. मग "शाब्बास रे माझ्या राजा!" आणि लगेच पाठोपाठ, "मर आता."

सकाळी दहाला, कामाच्या दिवशी, ही बाई कुणाला नाचायला लावते आहे आणि तो नाचला तरी मर का म्हणते आहे, हे काही कळेना. शेवटी मी कचऱ्याचे बिन कधी बाहेर ठेवायचे हे विचारायच्या निमित्तानं शेजारची बेल वाजवली. दार उघडलं. सत्तरीच्या, ठेंगण्याशा, पांढऱ्या बॉबकटच्या एक बाई. अंगात कार्डिगन. "थांब दोन मिनिटं, टायब्रेक आहे," असं म्हणून त्या दार तसंच टाकून आत पळाल्या.

मी मागोमाग गेलो. किचनच्या टेबलावर लॅपटॉप होता. पडद्यावर तांबड्या मातीचं एक टेनिस कोर्ट, त्यावर एक दाढीवाला दमलेला माणूस चेंडू आपटत होता. प्रेक्षकांत तीन माणसं आणि एक कुत्रा.

"हा नाचो," त्या म्हणाल्या. "इग्नासिओ वेर्दाल. स्पेनमध्ये इग्नासिओचं नाचो करतात. आपल्याकडे पुरुषोत्तमचं पुरू करतात न, तसं."

"जिंकतोय का?"

"तो थोडीच!" त्या म्हणाल्या, माझ्या अडाणीपणाचं नवल वाटल्यासारख्या.

कुंदामावशींची आणि माझी ओळख ही अशी झाली. नाचोचीही.

टेनिसच्या जगाला एक वरचा मजला असतो आणि एक तळघर असतं. वरच्या मजल्यावरची माणसं घड्याळांच्या जाहिरातींत दिसतात. तळघरातली माणसं स्वतःची बॅग स्वतः उचलून तुर्कस्तानातल्या, पोर्तुगालातल्या, ट्युनिशियातल्या लहान लहान गावांत आठवडाभर खेळतात आणि हरली की रात्रीची बस पकडून पुढच्या गावाला जातात. नाचो या तळघरातला जुना भाडेकरू. त्याच्या मॅचेस एकाच कॅमेऱ्यानं इंटरनेटवर दाखवतात. कॉमेंटरी नसते. ती मावशी स्वतः करायच्या.

वरच्या मजल्यावरचं टेनिस त्या बघत नसत. जुलैमध्ये अख्खा देश स्ट्रॉबेरी खात टीव्हीसमोर बसायचा, तेव्हा त्या किचनचे ड्रॉवर आवरायच्या. मी एकदा म्हणालो, "मावशी, आज फायनल आहे." म्हणाल्या, "असेल बाप्पा. तिथं पंधरा हजार लोक बसलेत. त्यांना माझी काय गरज?"

त्यांचा युरोपचा भूगोल सगळा नाचोच्या हिशेबानं चालायचा. कुणी इस्तंबूलची ट्रिप करून आलं की त्या तोंड वाकडं करून म्हणायच्या, "काही चांगलं गाव नाही ते. दुसऱ्या फेरीत घालवलं त्याला." उलट इटलीतलं कुठलंसं खेडं त्यांना काशीसारखं वाटायचं, कारण तिथं नाचोनं त्याच्या आयुष्यातली एकुलती एक स्पर्धा जिंकली होती. त्या दिवशी त्यांनी पुरणपोळ्या करून अख्ख्या गल्लीत वाटल्या. समोरच्या म्हाताऱ्या इंग्रजानं विचारलं, "तुमचा भाचा का?" मावशी म्हणाल्या, "तसंच समजा." तेव्हापासून सगळी गल्ली त्याला मावशींचा भाचा समजत होती आणि येता-जाता त्याचा रिझल्ट विचारत होती.

मॅचनंतर तो दोन मिनिटं बोलायचा, ते कळावं म्हणून मावशी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी फोनवरून स्पॅनिश शिकल्या. त्यांच्या स्पॅनिशला वऱ्हाडी हेल होता.

"काय म्हणाला?" मी विचारायचो.

"म्हणाला, वारं होतं." मग जरा थांबून, "वारं काही नव्हतं. बॅकहँड नव्हता."

नाचोचा बॅकहँड हे त्यांचं खरं दुखणं. फोरहँड असा की चेंडू फुटेल. पण डाव्या बाजूला चेंडू आला की तो एका हातानं, कुणाला लागू नये अशा बेतानं, हळूच पलीकडे ढकलायचा. दोन्ही हातांनी तो कधी मारायचाच नाही. समोरचा अठरा वर्षांचा पोरगा हे पाच मिनिटांत ओळखायचा आणि मग सगळे चेंडू तिकडेच. अशा वेळी मावशींची कॉमेंटरी बंद पडायची. भिंतीपलीकडे शांतता झाली की मी मुग्धाला म्हणायचो, "बॅकहँडवर आलेले दिसतात."

मी त्यांची नक्कल फार छान करायचो, हेही सांगितलं पाहिजे. "अबे, नेटवर काहून जाऊन राहिला?" म्हणत हवेत हात उडवायचो. एका दिवाळीच्या कार्यक्रमात मी ती स्टेजवर केली. हॉलभर लोक हसून लोळले. मावशी दुसऱ्या रांगेत होत्या. सगळ्यात जास्त त्याच हसल्या, आणि नंतर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "हात थोडा खाली ठेवत जा. मी इतका वर नाही नेत." मला वाटलं, बाई किती खिलाडू आहेत. तेवढंच वाटलं.

त्यांच्याविषयी मला माहिती तरी कितीशी होती? लग्न होऊन चाळीसेक वर्षांपूर्वी आल्या. नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या, आधी दक्षिणेकडच्या समुद्रकाठच्या एका गावात, मग इकडे. हा स्पॅनिश माणूस त्यांना कुठं सापडला असं विचारलं की म्हणायच्या, "सापडला कुठंतरी." रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी छंद हवा, असं मी ठरवून टाकलं होतं.

यंदाच्या मे महिन्यात नाचोनं जाहीर केलं की हे त्याचं शेवटचं वर्ष. पस्तिशी उलटली होती. मावशींनी ती पोस्ट मला दाखवली आणि लॅपटॉप मिटला. दोन आठवड्यांनी मीच धावत त्यांच्याकडे गेलो. "मावशी! तो इथं येतोय! नॉटिंगहॅमला, जूनमध्ये, गवताच्या कोर्टवर! पात्रता फेरीला तर तिकीटसुद्धा लागत नाही. आपण जाऊ."

मला वाटलं होतं, त्या नाचतील. त्या सिंककडे वळल्या आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला लागल्या.

"तू जा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? तुम्ही?"

"मला त्या दिवशी काम आहे."

"कुठला दिवस ते अजून मी सांगितलंच नाही, मावशी."

त्या आठवड्यात मी चार वेळा विषय काढला. कधी गुडघा दुखत होता, कधी पाऊस पडणार होता. मॅचच्या दिवशी सकाळी मी एकटाच निघालो. गाडी सुरू केली तर काचेवर टकटक झाली. मावशी इस्त्रीची साडी नेसून उभ्या होत्या. गेल्या पाच वर्षांत मी त्यांना साडीत पाहिलं नव्हतं.

गाडी रिंगरोडला लागली. मग त्या समोर बघत बोलायला लागल्या.

"सोळा वर्षं झाली. मी त्या समुद्राकाठच्या गावात होते. तिथं ग्रासवरची एक लहान स्पर्धा व्हायची. एका संध्याकाळी एक पोरगा आला, एकोणीस वर्षांचा. गवतावर घसरून डाव्या हातावर पडला होता. मनगटाचा एक्स-रे काढायचा होता. सारखा हसून राहिला होता. मला म्हणे, मॅडम, लवकर काढा, उद्या माझी मॅच आहे."

मी गाडी हळू केली.

"अंगठ्याच्या खाली एक बारकं हाड असते, होडीसारखं. त्यात मला एक रेघ दिसली. केसासारखी. आमच्याकडे पद्धत होती. एक्स-रे काढणाऱ्याला काही शंका आली की फिल्मवर लाल टिकली चिकटवायची, म्हणजे डॉक्टर नीट बघेल. निदान करायचं डॉक्टरनं, आम्ही फक्त टिकली लावायची."

"मग?"

"मी नाही लावली."

पुढचं त्यांनी फार सरळ आवाजात सांगितलं. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी एका फिल्मवर टिकली लावली होती आणि त्यात काही निघालं नव्हतं. तिथला एक तरुण डॉक्टर सगळ्यांसमोर त्यांच्या कपाळाकडे बघत म्हणाला होता, "कुंदा, घरी टिकल्या जास्त झाल्यात का?" सगळे हसले होते. त्यासुद्धा हसल्या होत्या.

"टिकलीचा कागद हातात होता रे माझ्या," त्या म्हणाल्या. "तो डॉक्टर बाहेर उभा होता. मी म्हटलं, रेघ नसेलही. सावली असेल. फिल्म तशीच दिली. त्यानं पाहिलं आणि पोराला म्हणाला, लचक आहे, खेळ."

तीन महिने नाचो त्या हातानं खेळला. स्पेनचे पेपर तोवर त्याला उद्याचा मोठा खेळाडू म्हणत होते. मग कळलं, हाड मोडलेलं होतं आणि आता जुळणार नव्हतं. दोन ऑपरेशनं, दोन वर्षं वाया. परत आला तेव्हा डावा हात रॅकेटवर नीट बसत नव्हता. म्हणून तो एका हाताचा बॅकहँड. म्हणून तळघर. मावशींना हे सगळं पेपरांत शोधून शोधून कळलं होतं. तेव्हापासून त्याची एकही मॅच त्यांनी सोडली नव्हती.

"एवढं तरी करावं म्हटलं," त्या म्हणाल्या. "दुसरं काय करणार?"

मला माझी दिवाळीतली नक्कल आठवली. दुसऱ्या रांगेत बसून हसणाऱ्या मावशी आठवल्या. गाडी मी हळू चालणाऱ्या डाव्या लेनमध्येच ठेवली.

नाचो तासाभरात हरला. बाजूच्या कोर्टवर, हिरव्या बाकांवर वीस-पंचवीस माणसं. समोरच्या इंग्रज पोरानं सगळे चेंडू बॅकहँडला टाकले. मावशी पूर्ण वेळ एक शब्द बोलल्या नाहीत. चार-पाच टाळ्या पडल्या, त्यानं हात वर केला आणि बॅग खांद्याला लावून कुंपणाच्या दारातून बाहेर आला. मावशी उठल्या आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

इतक्या वर्षांचं स्पॅनिश त्या वेळी कुठं गेलं कोण जाणे. इंग्रजीतच, एका दमात सांगितलं. गाव, संध्याकाळ, रेघ, टिकली. शेवटी म्हणाल्या, "मला दिसलं होतं. मी बोलले नाही."

नाचोनं बॅग खाली ठेवली. जवळून तो पडद्यावरच्यापेक्षा म्हातारा दिसत होता. त्यानं आपल्या डाव्या मनगटाकडे पाहिलं.

"दुखत होतं," तो म्हणाला. "खूप. डॉक्टरनं अंगठ्याखाली दाबून विचारलं, दुखतं का? मी म्हणालो, नाही. दुसऱ्या दिवशी मॅच होती."

त्यानं अंगठा एकदा वाकवून पाहिला.

"हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या वडिलांनाही नाही. मरेपर्यंत ते त्या डॉक्टरला शिव्या देत होते. मी देऊ दिल्या."

"तरी मला दिसलं होतं," मावशी म्हणाल्या.

"आणि मला दुखत होतं."

मावशींनी हात पुढे केला. त्यानं काय ते समजून आपला डावा हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याच्या खाली, बरोबर त्या जागी, हलकेच दाबलं. "अजून?"

"थंडीत," तो म्हणाला.

"आता काय करशील?"

"गावी जाईन. लहान मुलांना शिकवीन."

"मुलांना दुखतं का विचारत जा," मावशी म्हणाल्या. "आणि 'नाही' म्हणाली की परत एकदा विचार."

त्यानं मान हलवली. त्यांना जरा अवघडून मिठी मारली, बॅग उचलली आणि गेला.

परत येताना मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, मोकळं झालं असेल मन. मी म्हणालो, "चांगला आहे हो माणूस."

"चांगलाच आहे," त्या म्हणाल्या. एका सिग्नलला थांबलो, तो हिरवा झाला, आम्ही पुढे निघालो. मग त्या म्हणाल्या, "नाव नाही विचारलं त्यानं माझं."

तक्रार नव्हती त्यात. नुसतं सांगितल्यासारखं.

"मावशी, वळवू का गाडी? अजून तिथंच असेल तो."

"नको," त्या म्हणाल्या. "त्याला ट्रेन पकडायची असेल."