दोन घरचा पाहुणा

आडी अमावास्येला, म्हणजे तमिळ आडी महिन्यातल्या अवसेला, आम्ही सगळे कावेरीच्या घाटावर तर्पणाला बसलो, की भटजी संकल्प सांगत. त्यात काळ, देश, नदी सगळं आलं पाहिजे. ते 'कावेर्याः दक्षिणे तीरे' म्हणाले रे म्हणाले, की रांगेतून माधवराव ओरडत, "थांबा! मी कावेरीतीरींचा नव्हें! माझा मुक्काम पिनांग!"

भटजी चिडत. "राव, पाय कोणत्या पाण्यांत आहेत?"

"पाय पाहुणे आले आहेत. हें कोणी लिहून घेतलें तर?"

देवापुढे सांगितलेला पत्ता सरकारदरबारी पोचतो अशी त्यांची पक्की समजूत! शेवटी भटजी त्यांच्यापुरतं 'पिनांगद्वीपे' म्हणत. आम्ही तोवर मुठीत तीळ धरून बसलेले.

माधवराव आमचे शेजारी. सारी नोकरी समुद्रापलीकडे मलायातल्या पिनांग बेटावर कारकुनीत काढून ते कुंभकोणला परतले, पण तिथल्या कायम रहिवासाचा परवाना त्यांनी सोडला नाही. अधूनमधून बोटीनं तिथे जाऊन आलं तरच तो चालू राही. आणि इथल्या कुठल्याही कागदावर नाव चढलं की तो रद्द, हा रावांचा स्वतःचा कायदा. म्हणून रेशनकार्डात नाव नाही. मतदारांची नावं लिहायला माणसं आली, तर "मी पाहुणा" म्हणून यांनी दार लावलं. पाहुणा म्हणून विहिरीचं पाणी काढणार नाहीत, बाजारात जाणार नाहीत; कॉफीचा पहिला पेला मात्र यांच्यापुढे आला पाहिजे.

"इतकीं वर्षें राहिलेला पाहुणा मी कोठें पाहिला नाहीं," त्यांची बायको कृष्णाअक्का म्हणे.

मला तर संताप यायचा. यांच्या पेन्शनीवर तिथलं सरकार कर घेई आणि इथलंही घेई. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, हा तर दोन्ही घरी पैसे मोजून उपाशी!

"अहो, तो परवाना सोडा. एक कर तरी सुटेल," मी म्हणे.

"पोदुम्!" ते कडाडत. "पुरे! कर भरतों म्हणोन जातां येतें. तुम्हांस काय कळतें?"

मग एका वर्षी त्यांच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी बोटीचा प्रवास बंद केला. नागपट्टणहून बोट यांच्याशिवाय सुटली. मुदत टळली, परवाना परत करावा लागला. तिथला सगळा कर चुकता झाल्याचा दाखला आला.

"चला, सुटलात!" मी म्हणालो.

"सुटलों? जन्मभर माझ्यापासून कर घेतला, आणि आतां मी परक्यासारखा व्हिसा मागूं? तिथल्या कोणाची हमी आणूं? हमी देईल ऐसें माझें तिथें एकच माणूस आहे, आणि तें मातींत आहे!"

कृष्णाअक्कानं पदर तोंडाला लावला. तेव्हा कुठे मला कळलं: त्यांची लहानगी लेक मंगळा पिनांगला तापानं गेली होती. इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्याचं श्राद्ध नसतं, तर्पण नसतं. जाऊन त्या जागेवरचं गवत काढायचं, एवढंच बापाच्या हाती उरलेलं. तेवढ्यासाठी हा माणूस दोन सरकारांना पोसत होता आणि सारी गल्ली त्याला हसत होती. अशा बापाकडे हमीदार मागणाऱ्या कायद्याची मला आजही चीड येते.

पुढच्या आडी अमावास्येला भटजींनी सवयीनं 'पिनांगद्वीपे' म्हटलं.

"नव्हें," राव म्हणाले. "कावेरीतीर म्हणा. आतां मी इथलाच."

घाटावर कुणी हसलं नाही. तर्पण आटोपलं, तरी भटजी त्यांच्यापुढून उठेनात. कृष्णाअक्कानं मंगळाचं भटजींच्या कानावर घातलं असावं.

"राव, पुन्हां ओंजळ धरा. लेकीचें नांव सांगा."

"शास्त्रांत नाहीं तें."

"शास्त्राचें मी पाहून घेईन. नांव सांगा."

रावांनी नाव सांगितलं. भटजी पुटपुटत त्यांच्या ओंजळीत पाणी घालू लागले, तसे राव पूर्वीसारखेच ओरडले, "मोठ्यानें म्हणा, भटजी! समुद्रापलीकडे ऐकूं गेलें पाहिजे!"